साध्या किटमधून व्हीट बिअर: काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं

घरी बिअर करायचं पहिलं किट (मोड आणलेल्या बार्लीच्या घट्ट पाकाचा डबा आणि यीस्टची पुडी) नीट जमलं की बरेच ग्राहक विचारतात: याच डब्यातून गव्हाची, केळं आणि लवंगेच्या वासाची ती गढूळ बिअर करता येईल का? येते, आणि चांगली येते. फर्मेंटर (आंबवायचं भांडं), एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन), बाटल्या सगळं आहे तेच चालतं. बदलायच्या गोष्टी दोनच, यीस्ट आणि साखर. दोन्हींपैकी एकच बदलणं शक्य असेल, तर यीस्ट बदला.

यीस्ट

डब्याच्या झाकणाखाली मिळणारी पुडी साध्या एल (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टची असते. कितीही गहू घातला तरी या यीस्टमधून व्हीट बिअरचा वास येत नाही, कारण तो वास मुळात गव्हाचा नसतोच. जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरचं यीस्ट माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फेरुलिक आम्लापासून लवंगेसारख्या वासाचा पदार्थ तयार करतं. साध्या एल यीस्टला सहसा ते जमत नाही. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा असतो. तो यीस्ट वाढत असताना तयार होतो.

कोरड्या यीस्टमध्ये लालमंडचं म्युनिक क्लासिक आणि फर्मेंटिसचं सॅफेल डब्ल्यूबी-०६ ही दोन नावं माहीत असावीत. पहिल्यांदाच करत असाल तर आम्ही म्युनिक क्लासिक सुचवतो. डब्ल्यूबी-०६ इतर यीस्ट सोडून देतात त्या शर्कराही हळूहळू खात राहतं. बिअर कोरडी होते आणि आंबणं रेंगाळतं. ते वापरलंत तर बाटल्या भरायची घाई अजिबात नको, आणि नंतर नळी-तोटीसह सगळी भांडी कसून धुऊन निर्जंतुक करा. मागे राहिलेलं हे यीस्ट पुढच्या बिअरमध्येही काम करत बसतं.

किटची पुडी फेकवत नाही म्हणून दोन्ही पुड्या एकत्र टाकू नका. साधं यीस्ट आघाडी घेतं आणि वास पातळ होतो.

साखरेऐवजी गव्हाचं एक्स्ट्रॅक्ट

किटसोबत साधारण १ किलो साखर घालायला सांगितलेली असते. साखर पूर्ण आंबून जाते. दारूचं प्रमाण वाढतं, पण अंग (तोंडात जाणवणारा दाटपणा) आणि फेस मिळत नाही. तिच्या जागी १ किलो कोरडं व्हीट माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची वाळवलेली पूड) घाला. या एक्स्ट्रॅक्टमध्ये गव्हाबरोबर बार्लीही असते, बहुधा निम्म्याच्या आसपास ते साठ टक्के गहू. म्हणजे १.७ किलोच्या बार्लीच्या डब्यात ते मिसळलं की एकूण गहू जेमतेम पाव भाग होतो. जर्मनीत वाइत्सेन म्हणून विकायच्या बिअरमध्ये किमान निम्मा गव्हाचा माल्ट लागतो. तिथवर जायचं असेल तर मूळ डबाही व्हीट बिअरचाच निवडावा लागेल. पण पाव भाग गव्हावरही योग्य यीस्टची बिअर ओळखू येईल इतकी व्हीट बिअर लागते.

मूळ डबा फिका निवडा, साधा लागर किंवा ब्लाँड प्रकारचा. डब्यात हॉप्सचा (बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा) कडवटपणा आधीच असतो आणि या बिअरला तो कमीच हवा. वेगळे हॉप्स घालू नका. कडक पेल एल किंवा स्टाउटचा डबा इथे चालणार नाही.

डब्यावर २३ लिटर लिहिलं असलं तरी २० लिटरच करा. १.७ किलोचा डबा आणि १ किलो कोरडं एक्स्ट्रॅक्ट २० लिटरमध्ये घातलं की सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता) १.०४४ च्या आसपास येते, आणि शेवटी साडेचार टक्क्यांच्या आगेमागे दारू. पाणी वाढवलंत तर बिअर पाणचट लागेल.

कोरडं एक्स्ट्रॅक्ट वाफ लागली की गोळे धरतं. ते आधी गार पाण्यात ढवळून घ्या, मग तापवा.

तापमान: चव इथे ठरते

एकाच यीस्टमधून लवंग पुढे आणायची की केळं, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. १७-१८ अंश सेल्सिअसला लवंग पुढे राहते. २२ अंशांच्या वर केळं जोर धरतं. २४ च्या वर गेलात तर वास जड आणि उग्र होऊ लागतो. आमची आवड १८ ते २० अंश.

मोजायचं ते द्रवाचं तापमान, खोलीचं नव्हे. आंबणं जोरात असताना फर्मेंटरमधला द्रव खोलीपेक्षा दोन ते चार अंशांनी गरम असतो. फर्मेंटरला बाहेरून चिकटवायची तापमानपट्टी यासाठी पुरते. वासाचा बहुतेक भाग पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होतो, तेव्हा काळजी तिथे घ्या. भांडं गार पाण्याच्या टबात ठेवून ओला टॉवेल गुंडाळला तरी बराच फरक पडतो.

फेस

हे यीस्ट प्रचंड फेस काढतं. फर्मेंटरचा किमान पाव भाग रिकामा हवा. जागा कमी असेल तर सुरुवातीचे दिवस एअरलॉक काढून जाड नळी लावा आणि तिचं दुसरं टोक निर्जंतुक द्रावणाच्या भांड्यात बुडवा. एअरलॉक फेसाने तुंबला तर आत दाब वाढून झाकण उडू शकतं. मधेच गंधकासारखा वास आला तर घाबरू नका, तो निघून जातो.

बाटल्या भरताना

व्हीट बिअरला साध्या एलपेक्षा जास्त गॅस लागतो, आणि धोका याच टप्प्यावर असतो. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं धरू नका. हायड्रोमीटरचं वाचन सलग तीन दिवस तेच आलं पाहिजे; डब्ल्यूबी-०६ असेल तर आणखी आठवडाभर थांबून पुन्हा मोजा. मग लिटरमागे ७ ते ८ ग्रॅम साखर, वजनकाट्यावर मोजून. चमच्याचा अंदाज नको. बाटल्या जाड काचेच्या, बिअरसाठीच बनवलेल्या किंवा सोड्याच्या प्लास्टिकच्या घ्या. पातळ काच फुटते आणि इजा करते.

सुमारे दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवा, मग फ्रिजमध्ये. ही बिअर मुरवत ठेवायची नाही. दोन-तीन महिन्यांत संपवा, कारण केळ्याचा ताजा वास सगळ्यात आधी जातो.

गव्हाचं पीठ घातलं तर?

हा प्रश्न वारंवार येतो. नको. पिठातलं स्टार्च यीस्टला खाता येत नाही. आधी माल्टमधल्या एन्झाइम्सनी त्याची साखर करावी लागते, आणि डब्यातल्या एक्स्ट्रॅक्टमध्ये ती एन्झाइम्स उरलेली नसतात. पीठ तळाशी लापशीसारखं बसेल आणि जंतूंना खाद्य मिळेल. खरं धान्य वापरायचंच असेल तर दळलेला गव्हाचा आणि बार्लीचा माल्ट प्रत्येकी अर्धा किलो, ६६ अंशांच्या ३ लिटर पाण्यात कापडी पिशवीत तासभर ठेवा. तो द्रव उकळून कोरड्या एक्स्ट्रॅक्टच्या साधारण निम्म्या भागाऐवजी वापरा.

बेल्जियन वळण

धणे आणि संत्र्याची साल घातलेली विटबिअर हवी असेल तर यीस्ट विटबिअरचंच घ्या. २० लिटरला १० ते १५ ग्रॅम भरडलेले धणे आणि एका संत्र्याची फक्त नारिंगी साल, पांढरा भाग काढून, एक्स्ट्रॅक्टच्या उकळीत शेवटची पाच मिनिटं घाला. धणे जास्त झाले तर बिअरला साबणासारखी चव येते, म्हणून पहिल्या वेळी १० ग्रॅमच घ्या.

घरी बिअर करण्याचे नियम ठिकाणानुसार वेगळे असतात. डबा उघडण्यापूर्वी तुमच्याकडचा नियम पाहून घ्या.