इंट्रोडक्टरी अल्जेब्रा आणि कॉलेज अल्जेब्रा: फी सारखी, क्रेडिट वेगळं

अमेरिकेत येऊन पुन्हा शिकायचं ठरवलं, की आपल्या लोकांकडून पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजला) ऑनलाइन अल्जेब्रा घेऊन टाक, पदवीची गणिताची अट सुटेल.’ एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्यासोबत मिळणाऱ्या व्हिसावर) आलेल्या बायकांना तर हे हमखास ऐकवलं जातं. कोणता अल्जेब्रा, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारीही विचारत नाही. मग ती कॅटलॉग उघडते, ‘इंट्रोडक्टरी’ किंवा ‘एलिमेंटरी’ अल्जेब्रा दिसतो, सोपा वाटतो, ती नाव घालते. सेमिस्टर संपतं, ‘ए’ मिळतो, आणि नंतर कळतं की पदवीच्या हिशोबात त्या कोर्सची किंमत शून्य आहे. हे इतक्या जणींच्या बाबतीत होताना पाहिलं आहे, की आता सविस्तर लिहितेच.

अभ्यासक्रमातला फरक आधी पटकन उरकू, कारण त्यातला अर्धा भाग तुम्हाला पाठ आहे. इंट्रोडक्टरी अल्जेब्रा म्हणजे आपल्याकडचं आठवी ते दहावीचं बीजगणित: एका चलाची समीकरणं, असमानता, आलेखावरची रेषा आणि तिचा चढ, दोन चलांची एकसामयिक समीकरणं, घातांक, बहुपदी, अवयव पाडणं. ३(क्ष − ४) = २क्ष + ५ हे सोडवून क्ष = १७ काढता येत असेल, तर तो कोर्स तुम्ही कधीच मागे टाकलेला आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढीही असतात. इतकं सगळं बऱ्याच इंट्रोडक्टरी वर्गांत शिकवतच नाहीत.

कॉलेज अल्जेब्रा साधारण आपल्या अकरावीच्या जवळ जातो. तो सगळा फलनांभोवती फिरतो: प्रांत, व्याप्ती, संयुक्त आणि व्यस्त फलन, परिमेय फलनांचे आलेख, घातांकी फलनं आणि लॉगॅरिदम. दरसाल ५ टक्के चक्रवाढीने पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. उत्तर सव्वाचौदा वर्षांच्या जरा आत येतं, आणि ते नेमकं काढायला लॉग लागतो. अकरावी-बारावीला गणित घेतलं असेल तर उजळणी करून जमतं. दहावीनंतर गणित सोडलं असेल तर मेहनत पडते, पण आवाक्याबाहेरचं त्यात काही नाही.

खरी फसगत अभ्यासक्रमात नाही, क्रेडिटमध्ये आहे.

दोन्ही कोर्सपुढे कॅटलॉगमध्ये क्रेडिट, म्हणजे कोर्सच्या वजनाचा आकडा, लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा तीन किंवा चार. त्यावरून माणूस समजतो की क्रेडिट म्हणजे क्रेडिट. प्रत्यक्षात त्या एकाच आकड्यामागे तीन वेगळे हिशोब चालतात. पहिला बिलाचा: फी किती, तुम्ही फुल-टाइम की पार्ट-टाइम. दुसरा असोसिएट, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या, पदवीचा: तुम्हाला लागणाऱ्या साठेक क्रेडिटमध्ये हा कोर्स धरला जाईल का. तिसरा ट्रान्सफरचा: पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत गेल्यावर तिथे हा कोर्स गणित म्हणून मान्य होईल का. कॉलेज अल्जेब्रा साधारणपणे तिन्ही हिशोबांत बसतो. इंट्रोडक्टरी अल्जेब्रा फक्त पहिल्यात बसतो. कॉलेज फी पूर्ण घेतं, ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) कोर्स दिसतो, पण पदवीकडे तुम्ही एक पाऊलही सरकलेले नसता. अशा कोर्सना तिथे ‘डेव्हलपमेंटल’ किंवा ‘रिमिडियल’ म्हणतात. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, आर्थिक मदतीतही यांना मर्यादा आहे: रिमिडियल कोर्सची जास्तीत जास्त ३० सेमिस्टर क्रेडिटच मदतीसाठी धरली जातात.

हे ओळखायचं कसं? कोर्सचं नाव बाजूला ठेवा, क्रमांक वाचा. टेक्सासमध्ये हे सगळ्यात स्वच्छ आहे. तिथे क्रमांकाचा पहिला अंक पातळी सांगतो आणि दुसरा क्रेडिट. मॅथ १३१४ म्हणजे कॉलेज अल्जेब्रा: पहिल्या वर्षाच्या पातळीचा, तीन क्रेडिटचा. क्रमांक शून्याने सुरू झाला, की कोर्स डेव्हलपमेंटल, पदवीत धरला जाणार नाही. क्रेडिटच्या जागी तीनचा आकडा तिथेही असतो, आणि त्यालाच लोक भुलतात. फ्लोरिडातही तसंच: एमएटी ००२८ पदवीत नाही, एमएसी ११०५ हा कॉलेज अल्जेब्रा.

या दोघांच्या मधोमध बसलेला ‘इंटरमीजिएट अल्जेब्रा’ मात्र भल्याभल्यांना चकवतो. फ्लोरिडात तो एमएटी १०३३ आहे. क्रमांक शून्याचा नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. त्याचं क्रेडिट पदवीच्या एकूण बेरजेत ऐच्छिक म्हणून धरलं जातं, पण जनरल एज्युकेशनची (सगळ्यांना सक्तीच्या विषयांची) गणिताची अट त्याने सुटत नाही. म्हणजे दुसऱ्या हिशोबात अर्धवट आत आणि तिसऱ्यात बाहेर. काउन्सेलरने ‘येस, इट काउंट्स’ म्हटलं तरी तिथे थांबू नका. कशात काउंट होतो ते विचारा: ऐच्छिक म्हणून, की गणिताची अट म्हणून? आणि माझ्या पुढच्या युनिव्हर्सिटीत, माझ्या मेजरला (मुख्य विषयाला), की फक्त इथे? उत्तर ईमेलवर लेखी घ्या. कॅलिफोर्नियात असाल तर असिस्ट डॉट ऑर्गवर आणि न्यू जर्सीत असाल तर एनजे ट्रान्सफरवर आपलं कॉलेज आणि पुढची युनिव्हर्सिटी निवडून स्वतः पाहता येतं. नोंदणी करण्याआधी ते पाहाच.

‘आधी सोपा घे, पाया पक्का होईल’ या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. हा सल्ला प्रेमाने दिला जातो, आणि त्यात एक-दोन सेमिस्टर जातात. एकामागून एक रिमिडियल कोर्सच्या साखळीत विद्यार्थी अडकतात आणि मध्येच कॉलेज सोडून देतात, हे अमेरिकेतल्या राज्यांनाही कळून चुकलं आहे. टेनेसीने २०१५ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘को-रिक्विझिट’ पद्धत आणली: विद्यार्थी थेट पदवीच्या कोर्समध्ये बसतो आणि त्याच सेमिस्टरला जोडीला मदतीचा तास असतो. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ आणि २०२२ मध्ये एबी १७०५ हे कायदे करून विद्यार्थ्यांना सरसकट खालच्या वर्गात ढकलणं बंद केलं. तिथल्या बऱ्याच कॉलेजांत इंट्रोडक्टरी अल्जेब्रा आता सापडतच नाही. म्हणून जिथे को-रिक्विझिट मिळत असेल, तिथे दहावी झालेल्या माणसाने तोच घ्यावा.

पाया खरंच कच्चा असेल, शाळा लवकर सुटली असेल, तर तो पक्का जरूर करावा. पण त्यासाठी फी भरून डेव्हलपमेंटल कोर्स घेण्याआधी खान अकॅडमी आहे, ओपनस्टॅक्सची मोफत पुस्तकं आहेत, आणि कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत नॉन-क्रेडिट वर्गांना ट्यूशन फी नसते. अक्युप्लेसर किंवा अलेक्ससारखी प्लेसमेंट परीक्षा (कोणत्या वर्गात बसायचं ते ठरवणारी) असेल तर तीही तयारीशिवाय देऊ नका. आपल्याकडे बीए-बीकॉम केलेली माणसं अवयव पाडणं विसरल्यामुळे खाली टाकली जातात. त्या अवयवांची आठवण व्हायला काही संध्याकाळी पुरतात, सेमिस्टर लागत नाही. आणि भारतातल्या पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र असेल तर आधी त्या पदवीचं कोर्स-बाय-कोर्स, म्हणजे एकेका विषयाचं, मूल्यांकन करून घ्या. कॉलेजने ते मान्य केलं तर मुळात काहीच घ्यावं लागणार नाही.

आणखी एक. इंजिनिअरिंग, कम्प्युटर, शास्त्र किंवा कॅल्क्युलस लागणारं बिझनेस यांपैकी कुठेच जायचं नसेल, तर कॉलेज अल्जेब्राचाही हट्ट नको. नर्सिंग, मानसशास्त्र, शिक्षण अशा वाटांवर बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्स चालतं, आणि पुष्कळदा तेच मागितलेलं असतं. ते पुढे कामालाही येतं.

‘ऑनलाइन’चा घोळ त्या मानाने किरकोळ आहे. असिंक्रोनस म्हणजे तासाला ठरावीक वेळ नाही, इतकंच. आठवड्याच्या तारखा असतात, मायलॅब किंवा अलेक्ससारख्या वेबसाइटवरचा गृहपाठ वेळेत बंद होतो, परीक्षेला कॅमेऱ्यापुढे किंवा टेस्टिंग सेंटरमध्ये बसावं लागू शकतं. नुसतं लॉग-इन केलं तर फेडरल नियमांनुसार ती हजेरी धरत नाहीत, म्हणून पहिल्या आठवड्यातलं काम पहिल्याच आठवड्यात करून द्या. आठ आठवड्यांचा कोर्स म्हणजे सोळा आठवड्यांचा अभ्यास निम्म्या वेळात. नोकरी किंवा लहान मूल सांभाळून तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असणाऱ्यांनी मात्र इथे जपून राहावं. एका सेमिस्टरला जास्तीत जास्त एक ऑनलाइन वर्ग, किंवा तीन क्रेडिट, एवढंच फुल-टाइमच्या हिशोबात धरतात. एच-४ ला ही अट नाही, पार्ट-टाइमही शिकता येतं.

आणि हायस्कूलमधल्या मुलांना ड्युअल एन्रोलमेंटवर (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स घेण्याच्या सोयीवर) उन्हाळ्यात ‘एक अल्जेब्रा काढून टाक’ म्हणणाऱ्या आई-बाबांनी ध्यानात ठेवावं, की तिथे पडलेला ‘सी’ किंवा ‘डी’ मुलाच्या कॉलेज ट्रान्स्क्रिप्टवर कायमचा राहतो आणि पुढे अर्ज करताना दाखवावा लागतो. गाडी अडलीच तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉल, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडायची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये असते. उन्हाळी सत्रात ती फार लवकर येते.