नेग्रित्यूद

फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या आफ्रिकी आणि कॅरिबियन कृष्णवर्णीय लेखकांनी १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये उभी केलेली साहित्यिक व वैचारिक चळवळ. कृष्णवर्णीयांसाठीच्या ‘नेग्र’ या फ्रेंच शब्दाला भाववाचक नाम घडवणारा प्रत्यय लागून ही संज्ञा तयार झाली. गुलामांच्या व्यापारापासून ‘नेग्र’ला चिकटलेली हेटाळणी तेव्हाही गेलेली नव्हती, आणि शिकलेसवरलेले कृष्णवर्णीय स्वतःसाठी ‘न्वार’ म्हणजे ‘काळा’ हा सौम्य शब्द पसंत करीत. चळवळीने नेमकी ती शिवी उचलली आणि तिलाच आपले नाव केले. नेग्रित्यूदचे बळ या कृतीत आहे आणि तिच्यावरचे बरेचसे आक्षेपही याच कृतीशी येऊन थांबतात.

वसाहतींतील हुशार मुलांना फ्रेंच संस्कृतीत पूर्णपणे मुरवून घेणे हे फ्रान्सचे धोरण होते. ‘आपले पूर्वज गॉल’ (फ्रान्सचे प्राचीन रहिवासी) हा धडा मार्तिनीक या फ्रान्सच्या ताब्यातील कॅरिबियन बेटावरील काळी मुलेही घोकत असत. रने मारां यांच्या ‘बातुआला’ या कादंबरीला १९२१ मध्ये गाँकूर हा फ्रान्समधील मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा तो मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक ठरले; मात्र प्रस्तावनेतील वसाहती कारभारावरच्या टीकेमुळे त्यांच्यावर मोठा रोष ओढवला. पुढे पॅरिसजवळच्या क्लामार येथे पॉलेत नारदाल आणि त्यांच्या बहिणींच्या घरी अमेरिकन, आफ्रिकी आणि कॅरिबियन कृष्णवर्णीयांच्या बैठका भरू लागल्या. त्यांचे द्वैभाषिक मासिक १९३१-३२ मध्ये निघाले आणि सहा अंकांनंतर बंद पडले. चळवळीच्या इतिहासात तीन पुरुषांचीच नावे ठळक झाली. या बहिणींचे ऋण फार उशिरा मान्य झाले, आणि हा अन्याय नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ते तिघे म्हणजे मार्तिनीकचे एमे सेझेर (१९१३–२००८), सेनेगलचे लेओपोल्ड सेदार सेंगोर (१९०६–२००१) आणि फ्रेंच गयानाचे लेओं-गोंत्रां दामास (१९१२–१९७८). १९३५ मध्ये निघालेल्या ‘लेत्युद्यां न्वार’ या विद्यार्थी नियतकालिकातील लेखात सेझेर यांनी ‘नेग्रित्यूद’ हा शब्द वापरला.

दामास यांचा ‘पिग्मां’ हा संग्रह १९३७ मध्ये आला आणि दोन वर्षांनी सरकारने तो जप्त केला. त्यातील ‘उचकी’ या अर्थाच्या शीर्षकाच्या कवितेत पाण्याचे सात-सात घोट घेऊनही बालपण उचकीसारखे परत परत वर येते. आईचा धाक संपत नाही: हात टेबलावर ठेव, पाव कापू नकोस, तोडून खा, फ्रेंचच बोल. शेवटी तिला कळते की मुलगा व्हायोलिनच्या शिकवणीला जात नाही, त्याला बँजो वाजवायचा आहे; तेव्हा ती म्हणते, असली वाद्ये आपल्यासारख्या मिश्रवर्णीयांची नव्हेत, ती ‘नेग्रां’ना लखलाभ. वर्णद्वेष घरात, जेवणाच्या टेबलापर्यंत कसा पोचतो हे या कवितेइतके नेमके फार थोड्यांनी दाखवले आहे.

सेझेर यांचे मायभूमीला परतण्याविषयीचे दीर्घकाव्य १९३९ मध्ये प्रथम छापले गेले. त्यात ट्राममधला एक प्रसंग आहे. बाकावर एक थकलेला, दरिद्री काळा माणूस कसाबसा मावून बसला आहे, मागे बायका त्याला हसत आहेत, आणि निवेदकही त्यांच्या हसण्यात सामील होतो. आपला हा भेकडपणा तो लपवत नाही, आणि अभिमानाची भाषा त्यानंतरच येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चळवळीला संस्थात्मक रूप आले. आल्यून द्योप यांनी १९४७ मध्ये ‘प्रेझांस आफ्रिकेन’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९५६ मध्ये सॉर्बोनमध्ये कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची पहिली परिषद भरवली. सेंगोर १९६० मध्ये स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. सेझेर १९४५ पासून पन्नासहून अधिक वर्षे मार्तिनीकची राजधानी फोर-द-फ्रांसचे महापौर होते.

सेंगोर यांनी १९४८ मध्ये संपादित केलेल्या कृष्णवर्णीय कवींच्या काव्यसंकलनाला फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांची प्रस्तावना आहे. तिने चळवळीला जगभर वाचक मिळवून दिले. पण नेग्रित्यूद ही वर्णद्वेषाला छेद देणारी आणि पुढे विरून जाणारी तात्पुरती पायरी आहे, असे तिने सुचवले. मार्तिनीकचे विचारवंत फ्रांत्स फानों यांना हे फार लागले, असे त्यांच्या १९५२ च्या पुस्तकात दिसते. सेंगोर यांनी भावना आफ्रिकी आणि बुद्धी ग्रीक असे म्हटले होते. त्यांच्या विचारातील हा सर्वांत दुबळा भाग, कारण त्यात वसाहतवाद्यांचेच वर्गीकरण उलटे करून स्वीकारले आहे. वाघ आपले वाघपण सांगत बसत नाही, झेप घेतो, ही नायजेरियन लेखक वोले शोयिंका यांची टीका प्रसिद्धच आहे. मार्तिनीकमधल्या पुढच्या पिढीने १९८९ च्या आपल्या जाहीरनाम्यात, आम्ही युरोपी नाही, आफ्रिकी नाही आणि आशियाईही नाही, आम्ही क्रिओल (या बेटांवरील मिश्र संस्कृतीतून घडलेले) आहोत, अशी भूमिका घेतली.

या घडणीचा एक धागा हिंदी महासागरातही पोचला. मॉरिशसचे फ्रेंचमध्ये लिहिणारे कवी खाल तोराबुली यांनी १९९२ मध्ये नेग्रित्यूदच्या धर्तीवर ‘कूलित्यूद’ ही संज्ञा घडवली. तिच्या केंद्रस्थानी करारावर नेलेले मजूर आहेत. मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेले मराठी मजूरही त्यांत होते. ‘कुली’ ही त्यांना मिळालेली शिवी होती.