ओहोटी, होडी आणि ॲल्युमिनियमचा पत्रा

आमच्या मागच्या दारी जांभ्याच्या पायऱ्या आहेत. त्यांवरून ॲल्युमिनियमचा टोप गडगडला की पोचा ठरलेलाच. आजी तो ठोकून सरळ करायची. त्याच जागी पुन्हा पोचा आला तर मात्र "आता हा ऐकत नाही गो," म्हणायची. बरोबर होतं तिचं.

धातूतल्या अणूंच्या रांगांत मधेच एखादी रांग अर्धवट सुटलेली असते. हा दोष म्हणजे डिसलोकेशन. तो सरकतो म्हणून पत्रा वाकतो. टेलर, ओरोवन आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये आपापल्या परीने हे मांडलं. ठोकाल तसे हे दोष वाढतात, जाळ्यासारखे गुंततात आणि पत्रा कडक होतो.

बोटींसाठी वापरतात त्या ५०८३ नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत ४ ते ४.९ टक्के मॅग्नेशियम असतं. इथे खरी गंमत आहे. ओहोटीच्या वेळी खाडीत होडी जरा थांबली की बूड चिखलात रुततं. मग सगळ्यांनी मिळून रेटलं की ती एकदम हिसका देऊन सुटते, पुढे जाऊन पुन्हा रुतते. पत्रा सावकाश ताणला की डिसलोकेशनचं अगदी हेच होतं: ते क्षणभर अडलं की मॅग्नेशियमचे अणू सरकत येऊन त्याला धरतात. पत्रा हिसक्याहिसक्याने ताणला जातो आणि त्यावर पट्टे उमटतात. रंग दिला तरी ते लपत नाहीत.

आता तोच पत्रा विद्युतचुंबकीय पद्धतीने घडवू. कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साठवलेली वीज एका झटक्यात कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, सोडतात. पत्र्यात उलटा प्रवाह उठतो आणि पत्रा कॉइलपासून साच्यावर फेकला जातो. सगळा खेळ काही मायक्रोसेकंदांचा, फार तर काहीशे. नेहमीच्या ताण-चाचणीपेक्षा इथे ताणण्याचा वेग लाखो पट असतो. होडी सुसाट निघालेली. चिखलाला धरायला उसंतच नाही. पट्टे उमटत नाहीत.

आतली घडणही बदलते. सावकाश ताणताना डिसलोकेशन निवांत एकत्र येऊन भिंती रचतात, मधे मोकळे कप्पे राहतात. घाईत ती जास्त संख्येने जन्मतात, अधिक सारखी पसरतात. कप्पे झालेच तर लहान. शिवाय खर्ची पडलेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णता होतो आणि तीही बाहेर पडायच्या आत काम उरकलेलं असतं, त्यामुळे पत्रा तेवढ्यापुरता तापून थोडा नरमतो.

पुढे हा पत्रा भट्टीत साधारण ३५० अंशांवर तापवला की डिसलोकेशनच्या साठलेल्या गुंत्यातून नवे स्फटिककण, म्हणजे धातू ज्यांचा बनतो ते बारीक दाणे, उगवतात. गुंता जितका दाट, तितके कण सहसा बारीक.