मागच्या सीटवरचा दबलेला बेल्ट

बेळगावहून सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालेल्या गाडीत मागच्या सीटवर जरा डोकावून पाहा. बेल्टची बक्कलं सीट कव्हरखाली दबलेली, आणि तान्हं मूल आईच्या मांडीवर. गाडीला सहा एअरबॅग आहेत म्हणून सगळे निर्धास्त. पण एअरबॅग बेल्टची जागा घेत नाही, ती बेल्टच्या जोडीला दिलेली असते.

ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. या वेगाने भिंतीवर आदळणं आणि 14 मीटर उंचीवरून खाली पडणं सारखंच. बॉनेट चेपतं, बेल्ट थोडा ताणतो, आणि माणसाला थांबायला साठेक सेंटिमीटर मिळतात. तेवढ्यात थांबायचं तर अंगावर वजनाच्या 24 पट जोर येतो. आठ किलोचं बाळ त्या क्षणी हातात 190 किलोचं होतं. कुठल्याच आईच्या हातांना ते पेलणार नाही. बाळाची जागा मागच्या सीटवर घट्ट बसवलेल्या चाइल्ड सीटमध्येच. बेल्ट न लावलेला मोठा माणूसही मागून तसाच येऊन पुढच्याच्या पाठीवर आदळतो.

आजचा तीन टोकांचा बेल्ट 1959 मध्ये व्होल्वो कंपनीत निल्स बोहलिन यांनी बसवला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करत होते. व्होल्वोने हे पेटंट सगळ्यांना खुलं केलं. रचनेचं मर्म एवढंच, की जोर हाडांवर यावा: वरचा पट्टा खांद्याच्या मधून छातीवर, खालचा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडाला लागून. खालचा पट्टा पोटावर चढला तर आतडी आणि यकृत फाटू शकतं. वरचा काखेखालून घेतला तर बरगड्या मोडतात.

चोर्ला घाटातल्या उतारावर गाडी उभी करून बेल्ट ओढला तर कधी कधी तो येतच नाही. तो बिघाड नव्हे. गुंडाळीच्या डबीत पोलादी गोळी असते. गाडी कलली किंवा जोरात ब्रेक लागला की गोळी सरकते, खटका उचलते आणि दातेरी चाक अडतं. हिसका दिला तर वेगळ्या यंत्रणेनेही अडतं. सपाटीवर हिसका देऊनही पट्टा अडत नसेल, तर मात्र तो बदला.

धडक ओळखल्यापासून साधारण 30 मिलिसेकंदांत एअरबॅग पूर्ण फुगते आणि लगेच छिद्रांतून गॅस सोडत मऊ होते. माणसाने तिच्यावर टेकायचं ते या मऊ होण्याच्या वेळी. बेल्ट नसला तर ब्रेक लागतानाच शरीर पुढे झुकतं आणि फुगत्या पिशवीचा तडाखा थेट चेहऱ्यावर बसतो. म्हणून स्टिअरिंगच्या मध्यापासून छाती किमान 25 सेंटिमीटर लांब ठेवा. अलार्म बंद करायला दुकानात मिळणारी खोटी क्लिप तर घेऊच नका: काही गाड्यांत बेल्ट लागलाय की नाही यावरही एअरबॅग कधी उडवायची ते ठरतं. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर साध्या कव्हरने तिची वाट अडते.

खानापूरकडच्या तांबड्या धुळीने पट्टा हळू परततो. तो पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडवा, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा. खांद्याजवळची कडीही पुसा, तिथेच मळ साचतो. ब्लीच वापरू नका, धागा कमजोर होतो. जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. जो लागतच नाही, त्याची तार कुणीतरी काढलेली असू शकते.