साउन

साउन : आयर्लंडमधील पारंपरिक सण. ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्ताला लागतो आणि १ नोव्हेंबरला संपतो. त्याच्या रात्रीला आयरिश भाषेत ‘ईहे हाउना’ म्हणतात. जगभरच्या हॅलोवीनचे माहेर हेच. नोव्हेंबर महिन्याचे आयरिश नावही साउनच. रोमन स्पेलिंगवरून (Samhain) वाचणारे ‘समहेन’ म्हणतात, आयरिश कानाला ते परके वाटते.

जुन्या आयरिश कालगणनेत वर्षाचे चार सांधे होते : इम्बोल्क (१ फेब्रुवारी), ब्यालतना (१ मे), लूनसा (१ ऑगस्ट) आणि साउन. साउनला गुरे डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांतून खाली यायची. पुढे जमीनदारी काळात खंड भरण्याची एक तारीखही १ नोव्हेंबर हीच होती. साउन म्हणजे ‘केल्टिक नववर्ष’ हे मात्र जपून घ्यावे. ती कल्पना वेल्श अभ्यासक जॉन ऱ्हिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडली आणि ती पुराव्यापेक्षा आवडीमुळे टिकली. ख्रिस्तपूर्व विधींबद्दल जे छातीठोकपणे लिहिले जाते, त्यातलेही बरेच मध्ययुगात ख्रिस्ती मठांतून लिहिल्या गेलेल्या कथांवर उभे आहे.

त्या कथा मात्र मुळातून वाचाव्यात अशा आहेत. रॉसकॉमन परगण्यातील राथक्रोहन येथे ‘मांजरांची गुहा’ या अर्थाच्या नावाची एक अरुंद गुहा आहे. परलोकाचे दार ते हेच, अशी समजूत. नेरा नावाच्या तरुणाची कथा इथलीच. साउनच्या रात्री राजवाड्यात हंडा चुलीवर असताना पैज लागते : बाहेर फासावर लटकलेल्या माणसाच्या पायात डहाळीचे कडे अडकवून यायचे. नेरा जातो, तर प्रेत पाणी मागते. त्याला पाठुंगळी घेऊन तो पाणी पाजतो, आणि परतताना परलोकातल्या सैन्यामागून गुहेत शिरतो. तिथे त्याचे लग्नही लागते. तो बाहेर येतो तेव्हा आपली माणसे अजून त्याच हंड्याभोवती बसलेली. परलोकात राहिल्याचा पुरावा म्हणून त्याने उन्हाळ्यातली रानलसूण, प्रिमरोजची फुले आणि सोनेरी नेचा आणलेला असतो.

सणाचे जेवण बिनमांसाचे. कॅथलिक रिवाजाप्रमाणे १ नोव्हेंबरच्या सर्वसंत दिनाच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे. त्यामुळे बटाट्याला मान आला. कोलकॅनन म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात शिजवलेली केल नावाची पालेभाजी किंवा कोबी, दूध आणि कांद्याची पात. वाढल्यावर ढिगात मधोमध खळगा करून त्यात लोण्याचा गोळा सोडतात. वितळलेल्या लोण्यात प्रत्येक घास बुडवून कडेकडेने आत यायचे. गोडाला बार्मब्रॅक. नावाचा अर्थ ‘ठिपक्याठिपक्यांचा पाव’, ठिपके बेदाणे-मनुकांचे. यीस्ट न घालता, सुका मेवा गार चहात भिजवून केलेला ब्रॅक घरोघरी होतो. त्यात वस्तू लपवत : अंगठी मिळाली तर वर्षात लग्न, नाणे मिळाले तर पैसा, चिंधी आली तर दारिद्र्य, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही, काडी आली तर संसारात भांडण. बेकरीतल्या ब्रॅकमध्ये आता बहुधा अंगठी तेवढी उरली आहे. साउननंतर रानातल्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, कारण पूका नावाचे भूत त्यांवर थुंकून जाते. फळे तोवर बेचव झालेलीच असतात, हा भाग वेगळा.

भविष्य सांगणाऱ्या असल्या खेळांचे सर्वांत बोचरे चित्र जेम्स जॉइस यांच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) या संग्रहातील ‘क्ले’ या कथेत आहे. धुलाईघरात काम करणारी प्रौढ, अविवाहित मरिया ब्रॅक इतके नेटके कापते की ते कापलेले दिसतच नाहीत. यंदा अंगठी तुलाच, अशी तिची थट्टा होते. संध्याकाळी दुसऱ्या घरी डोळे बांधून बशी निवडायच्या खेळात तिचा हात ओल्या मातीवर पडतो. माती म्हणजे मरण. खोलीत कुजबुज होते, कोणीतरी रागावते आणि तिला पुन्हा निवडायला लावतात. या वेळी प्रार्थनापुस्तक हाती येते. काय झाले ते तिला कळत नाही. वाचकाला कळते, तेही रिवाज ठाऊक असेल तरच.

रिवाजांची सर्वांत मोठी नोंद शाळकरी मुलांनी केली. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने २६ परगण्यांतील प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांना आजी-आजोबांकडून ऐकलेले वह्यांत उतरवायला सांगितले. सुमारे ५०,००० मुलांनी ते केले. हा संग्रह युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहे. छताला टांगलेले सफरचंद हात न लावता दातांनी पकडणे, चुलीच्या कडेला प्रेमिकांच्या नावाने दोन कवचफळे भाजणे, मुखवटे घालून दारोदार सफरचंदे मागणे, हे सारे असल्या आठवणींतून आपल्यापर्यंत आले.

भोपळ्याचा कंदील मूळचा इथला नव्हे. आयर्लंडमध्ये टर्निप, म्हणजे शलगमाच्या जातीचा टणक कंद, कोरत. १८४५-५२ च्या दुष्काळात किमान दहा लाख लोकांनी देश सोडला. अमेरिकेत स्थलांतरितांना त्याहून मोठा आणि कोरायला सोपा लाल भोपळा मिळाला, आणि तोच पुढे आयर्लंडला परत आला. मेयो परगण्यातील कॅसलबारजवळच्या ग्रामजीवन संग्रहालयात डोनेगॉलमधील फिन्टाउनच्या एका कंदिलाचा प्लास्टरचा साचा आहे. मूळ कंद १९४३ मध्ये एका शाळाशिक्षिकेने दिला, असे कंदील आता कोणी करत नाही असे सांगून. चिमटलेले डोळे, मोजके दात आणि सुरकुतलेली कातडी असलेला तो चेहरा भोपळ्यासारखा हसत नाही.