शिरेच्या ग्राफ्टचा विकार

बंद पडलेल्या धमनीला बगल देऊन रक्ताला नवी वाट करून देण्यासाठी रुग्णाच्याच पायातली शीर वापरतात. अशी शीर (ग्राफ्ट) धमनीच्या जागी बसवल्यावर तिची भिंत काही महिन्यांत जाड होते, पुढे काही वर्षांत तिच्यात मेदाचे थर साचतात आणि शेवटी ती अरुंद होते किंवा पूर्ण बंद पडते. या सगळ्या घडामोडींना मिळून शिरेच्या ग्राफ्टचा विकार म्हणतात. त्याच्या मुळाशी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या मृदू (अरेखित) स्नायुपेशींची वाढ आहे. या पेशी का वाढतात आणि त्यांना कधी आवरायचे, यावर गेली चाळीसहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे.

बायपाससाठी मुख्यतः मोठी सॅफिनस शीर घेतात. ती घोट्याच्या आतल्या बाजूने निघून त्वचेखालून जांघेपर्यंत जाते. ती लांब असते, सहज सापडते आणि काढून घेतली तरी पायातल्या खोल शिरा रक्त वर नेण्याचे काम सांभाळतात. तिच्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असल्यामुळे ती उलटी करून जोडावी लागते. पायाच्या धमनीसाठी अशी उलटी शीर १९४८ साली पॅरिसमध्ये जाँ क्युन्लँ यांनी वापरली. हृदयाच्या बायपासमध्ये ती रुळवण्याचे श्रेय अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांच्याकडे जाते. त्यांनी हे काम १९६७ पासून अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये केले. धमनीत बसवलेल्या शिरेची भिंत जाड होते हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच, अलेक्सी कॅरेल आणि चार्ल्स गथ्री यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाहिले होते.

हृदयाला जोडलेल्या शिरांपैकी साधारण १५ टक्क्यांपर्यंत पहिल्या वर्षातच बंद पडतात. सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी १ ते २ टक्के आणि त्यानंतर दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी सुमारे ४ टक्के शिरांची त्यात भर पडते. दहा वर्षांनी जेमतेम ६० टक्के शिरा चालू असतात, आणि त्यांतल्याही निम्म्याच लक्षणीय अडथळ्यावाचून असतात. हे आकडे प्रामुख्याने गेल्या शतकातल्या रुग्णांचे आहेत. छातीच्या आतल्या बाजूची डावी मॅमरी धमनी हृदयाच्या पुढच्या धमनीला जोडली, तर ती दहा वर्षांनीही बहुतेक रुग्णांत उघडी असते. म्हणून आज जवळजवळ प्रत्येक बायपासमध्ये ती धमनी आधी वापरतात आणि उरलेल्या जोडण्यांसाठी शीर घेतात.

विकाराचे तीन टप्पे मानतात. पहिल्या महिन्यात शीर बंद पडली तर कारण बहुधा रक्ताची गुठळी असते. महिना ते वर्ष या काळात भिंतीचा सर्वांत आतला थर, म्हणजे इंटिमा, जाड होतो. वर्षानंतर त्याच जाड थरावर ॲथेरोमा, म्हणजे मेदाचा साठा, बसू लागतो. नुसत्या जाड इंटिमामुळे शीर सहसा बंद पडत नाही. मात्र पुढच्या मेदाला बसायला जागा तीच करून देते. पहिल्या वर्षातल्या या वाढीवर संशोधकांनी एवढे लक्ष घातले ते याचमुळे.

पायात असताना, माणूस आडवा असेल तर, शिरेतला दाब ५ ते १० मिमी पारा एवढाच असतो. धमनीला जोडल्या क्षणापासून तिला दर ठोक्याला ८० ते १२० मिमी पारा दाब झेलावा लागतो. पातळ भिंत ताणली जाते आणि शीर फुगते. भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या प्रमाणात वाढतो, तर भिंत जाड झाली की कमी होतो. तेव्हा जाड होणे हा त्या भिंतीचा तग धरण्याचा उपाय आहे. ही वाढ सुरुवातीला रोग नसते, गरज असते. फुगलेली शीर पुढच्या हृदयधमनीपेक्षा रुंद असल्याने तिच्यातला प्रवाह मंदावतो आणि आतल्या अस्तराला रक्ताचे घर्षण कमी मिळते. हे घर्षण कमी झाले की अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी सुटते आणि पेशींच्या वाढीवरचा एक लगाम सैल होतो.

निरोगी भिंतीत मृदू स्नायुपेशी शांत असतात. त्या आकुंचन पावतात, पण क्वचितच विभागतात. लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजेन या प्रथिनांच्या पातळ वेष्टनात प्रत्येक पेशी गुंडाळलेली असते आणि हे वेष्टनच तिला शांत ठेवते. इजा झाली की मेटॅलोप्रोटिनेझ नावाची विकरे ते वेष्टन कापतात. बिंबाणूंमधून (प्लेटलेट) पीडीजीएफ हा वाढघटक सुटतो, तर जखमी पेशींमधून एफजीएफ-२ हा दुसरा वाढघटक बाहेर पडतो. पेशी आकुंचनाची प्रथिने कमी करते, चपटी होते, जनुकीय नकलेच्या तयारीला लागते आणि आतल्या थराकडे सरकते. पेशीचक्र, म्हणजे पेशी विभागण्याचा क्रम, रोखून धरणारे पी२७ हे प्रथिन इथे महत्त्वाचे ठरते. पीडीजीएफ दिल्यावर सॅफिनस शिरेच्या पेशींतले पी२७ घटते, मॅमरी धमनीच्या पेशींत ते टिकून राहते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. दोन वाहिन्यांच्या नशिबातला फरक केवळ दाबाचा नाही, पेशींच्या स्वभावाचाही आहे. पेशींची विभागणी काही आठवड्यांत ओसरते, पण त्यांनी विणलेले कोलॅजेन आणि इतर भराव वाढतच राहतात. काही महिन्यांनंतरच्या जाड इंटिमात पेशींपेक्षा हा भरावच जास्त असतो.

शिरेला पहिली इजा होते ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर. काढलेल्या शिरेच्या फांद्या बांधून झाल्या की गळती शोधण्यासाठी सहायक तिच्यात सिरिंजने द्राव भरतो. बोटाच्या जोराने हा दाब ३०० मिमी पाऱ्याच्याही वर सहज जातो. त्यात एंडोथेलियमचे, म्हणजे आतल्या एकपेशी अस्तराचे, पापुद्रे सुटतात आणि खालचा थर उघडा पडतो. साध्या सलाइनमध्ये आम्लता आवरणारे क्षार नसतात, त्यामुळे शीर त्यात ठेवणेही त्या अस्तराला मानवत नाही. शिवाय शीर सोलून काढताना तिच्या बाहेरच्या आवरणातल्या बारीक पोषक रक्तवाहिन्याही तुटतात आणि मधल्या थराला प्राणवायू कमी पडतो.

ही इजा थेट वाढीत उतरते, हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या गटाने काचेच्या बशीत दाखवले. बायपासमधून उरलेल्या शिरेचे तुकडे उघडून, आतली बाजू वर ठेवून जाळीवर टोचतात आणि ३० टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घातलेल्या पोषक द्रावात १४ दिवस वाढवतात. एवढ्या काळात इंटिमाचा नवा थर तयार होतो. शस्त्रक्रियेसाठी ताणून तयार केलेल्या शिरेत ही वाढ हळुवार काढलेल्या शिरेपेक्षा जास्त होते. या पद्धतीत उरलेला तुकडा आधीच ताणलेला आहे की नाही, याची नोंद ठेवली नाही तर पुढची सगळी तुलना फसते.

सुट्या पेशींवर काम करायचे असेल तर मधल्या थराचे एक-दोन मिमीचे तुकडे बशीत चिकटवतात. त्यांतून पेशी रेंगाळत बाहेर यायला एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर पेशी दोन-तीन दिवस जवळजवळ सीरमशिवाय ठेवून सगळ्यांना एकाच थांब्यावर आणतात आणि मग वाढघटक देऊन नवा डीएनए किती बनतो ते मोजतात. इथे दोन चुका नेहमीच्या. एक, पेशी बशीतून बशीत अनेकदा हलवल्या की त्या आकुंचनाचे गुण गमावतात आणि फायब्रोब्लास्ट या जोडऊतीतल्या पेशींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून सुरुवातीच्या काही पिढ्याच वापराव्यात आणि आकुंचनाच्या प्रथिनांची खूण तपासावी. दोन, रंग बदलणारी एमटीटी चाचणी पेशींची चयापचय क्षमता मोजते, संख्या नव्हे. तिच्यावरूनच वाढीचा निष्कर्ष काढू नये.

प्राण्यांमध्ये डुकराच्या पायाची शीर मानेच्या कॅरॉटिड धमनीत बसवून चार आठवड्यांनी तपासण्याची पद्धत माणसाच्या जवळ जाणारी मानली जाते. उंदरात जनुके बदलता येतात, पण त्याच्या शिरेची भिंत अगदीच पातळ असते. शिवाय हे प्राणी तरुण असतात आणि त्यांच्या शिरा निरोगी असतात. बायपासचा रुग्ण साठीचा, मधुमेही, धूम्रपान केलेला असू शकतो.

हे अंतर किती महागात पडते ते एडिफोलिगाइडच्या प्रसंगात दिसले. पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या ई२एफ या प्रथिनाला चकवा देणारा हा डीएनएचा छोटा तुकडा. शीर जोडण्याआधी ती दाबाखाली १० मिनिटे या द्रावात ठेवायची, अशी कल्पना होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट-४ चाचणीत ३,०१४ रुग्ण होते. वर्ष-दीड वर्षाने अँजिओग्राफी केली तेव्हा निदान एक शीर निकामी झालेले रुग्ण औषधाच्या गटात ४५ टक्के आणि औषध न दिलेल्या गटात ४६ टक्के निघाले. भिंतीला वाढीची हाक आठवडेच्या आठवडे मिळत राहते. दहा मिनिटांच्या एका स्नानाने ती थांबावी ही अपेक्षाच फार होती. शिवाय लवकर बंद पडलेल्या शिरांपैकी कितीतरी गुठळीने किंवा सदोष जोडणीने जातात, तिथे पेशींची वाढ रोखून काही साधत नाही.

उपयोगी ठरलेले उपाय साधे आहेत. शस्त्रक्रियेनंतर सहा तासांच्या आत ॲस्पिरिन सुरू केल्यास शिरा उघड्या राहण्याचे प्रमाण वाढते. एलडीएल कोलेस्टेरॉल १०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली आणल्यावर विकार वाढत जाणाऱ्या ग्राफ्टचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आले, हे १९९७ च्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झाले. स्वीडनमधल्या ओरेब्रू इथे डॉमिंगॉस सोझा यांनी विकसित केलेल्या ‘नो-टच’ पद्धतीत शीर भोवतालच्या चरबीसकट काढतात आणि हाताने फुगवत नाहीत. तिथल्या १६ वर्षांच्या पाठपुराव्यात अशा ८३ टक्के शिरा उघड्या होत्या, नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या ६४ टक्के. चीनमधल्या मोठ्या चाचणीतही पहिल्या वर्षी फायदा दिसला, पण नंतरच्या स्वीडिश चाचणीत स्पष्ट फरक निघाला नाही. पायाची जखम भरायला या पद्धतीत जास्त त्रास होतो. मधुमेही आणि लठ्ठ रुग्णांत ही बाब आधीच तोलून पाहावी लागते. शिरेभोवती बाहेरून जाळी घालून तिला फुगू न देण्याचा उपाय डुकरांत उत्तम चालला, माणसांत मात्र त्याचे निकाल संमिश्र आहेत.

आजारी झालेल्या जुन्या शिरेतला मेद ठिसूळ असतो आणि त्यावरचे आवरण पातळ असते किंवा नसतेच. तिच्यात स्टेंट घालताना कण सुटून पुढच्या बारीक वाहिन्या तुंबतात. हे कण अडवणारे गाळणे पुढे ठेवले तर हृदयाला होणारी इजा कमी होते. शक्य असेल तिथे शिरेऐवजी मूळ हृदयधमनीच उघडण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. पुन्हा बायपास करणे पहिल्यापेक्षा जोखमीचे असते. छाती उघडताना चालू असलेल्या मॅमरी धमनीला धक्का लागला तर हृदयाचा मोठा भाग एकदम धोक्यात येतो.