उष्णतासह बहुवारिक (पॉलिमर) फोम : यांत्रिक गुणधर्म

उष्णतारोधक (उष्णता अडवणारा) आणि उष्णतासह (उष्णता सोसणारा) हे शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. फोमच्या बाबतीत हा घोळ महागात पडतो. मुंबईच्या ससून डॉकवरून बर्फात मासळी भरून निघणारी थर्माकोलची पेटी उत्तम उष्णतारोधक असते, कारण तिच्या भिंतींत जवळजवळ ९८ टक्के हवाच असते. पण २०१८ च्या राज्यव्यापी बंदीआधी गणपतीची मखरे कापली जात ती याच थर्माकोलची, आणि तीही तापलेल्या तारेने. तार नीट टेकायच्या आतच थर्माकोल आक्रसून तिला वाट करून देई. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. उष्णतासह फोम त्याच्या बराच वर, साधारण १५० ते ३०० अंशांच्या पट्ट्यात, वापरता येतो. मात्र तिथे नुसते न वितळणे वेगळे आणि भार पेलणे वेगळे.

या गटात पॉलिआयसोसायन्युरेट, फिनॉलिक, मेलामाइन, पॉलिइथरइमाइड, पॉलिमेथाक्रिलिमाइड (पीएमआय) आणि पॉलिइमाइड हे प्रमुख फोम येतात. गोदामांच्या छपरांना बसवतात त्या पफ पॅनलमधला पॉलियुरेथेन हा पहिल्याचा भाऊ, पण उष्णतेत त्याच्याहून कच्चा.

फोमची ताकद प्रथम घनतेवर ठरते. पदार्थविज्ञानाचे अभ्यासक लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, उघड्या पोकळ्यांच्या फोमची ताठरता सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे भरीव प्लास्टिकच्या एक दशांश घनतेचा फोम केला, तर ताठरता एक शतांशावर येते. उलट घनता दुप्पट केली की ताठरता चौपट. कारण सरळ आहे. पोकळ्यांमधल्या बारीक दांड्या दाबाखाली वाकतात, आणि वाकायला फार बळ लागत नाही. बंद पोकळ्यांच्या फोममध्ये दांड्यांच्या मधले पडदेही ताणले जातात, म्हणून तो त्याच घनतेला अधिक ताठ असतो.

फोमवर दाब वाढवत नेला की आलेख तीन टप्प्यांत जातो. आधी सरळ चढ. मग लांबलचक सपाटी, जिथे दांड्या थराथराने कोसळतात आणि दाब फारसा न वाढता फोम चेपत जातो. शेवटी पोकळ्या संपतात आणि आलेख एकदम वर उसळतो. दिशेचाही फरक पडतो: फोम फुगताना पोकळ्या वरच्या दिशेने लांबट होतात, त्यामुळे फुगण्याच्या दिशेत तो बळकट आणि आडवा कमजोर असतो. तुकडा कोणत्या बाजूने कापला याची नोंद नसलेला आकडा फारसा कामाचा नाही.

उष्णता सोसण्यासाठी रेणूंच्या साखळ्या एकमेकींना घट्ट जखडाव्या लागतात, आणि याची किंमत बहुधा चिवटपणाने मोजावी लागते. भिंतीवरचे डाग काढायला मिळणारा पांढरा ‘जादूई’ स्पंज मेलामाइन फोमचाच असतो. घनमीटरला अवघे दहा किलो वजन, सुमारे २०० अंशांपर्यंत टिकाऊ. पण कोरडा असताना कोपरा चिमटीत धरून मोडला तर भुगा होतो. फिनॉलिक फोम आगीत ठिबकत नाही, कोळसा होऊन जागेवर राहतो, पण घासला की त्याचीही पूड पडते. पॉलिइमाइड इथे अपवाद ठरतो. तो हलका आणि लवचिक राहून शून्याखाली २०० अंशांपासून वर २५० अंशांपलीकडेही चालतो. अर्थात हलका असल्याने तो भार पेलायला नव्हे, आवरणालाच वापरतात.

भार पेलायला पीएमआय. घनमीटरला ७५ किलो घनतेच्या पीएमआयची दाबशक्ती साधारण १.५ मेगापास्कल असते. दहा सेंटिमीटर बाजूच्या चौरस तुकड्याने दीड टन सोसल्यासारखे हे झाले. पण हा आकडा खोलीच्या तापमानाचा. कार्बन तंतूंचे पत्रे या फोमच्या दोन्ही बाजूंना चिकटवून भट्टीत पक्के करतात, तेव्हा १८० अंशांवर तीन-चार वातावरणांचा दाब तासन्‌तास असतो. तिथे प्रश्न फुटण्याचा नसून विसर्पणाचा, म्हणजे फोम हळूहळू ‘बसण्याचा’ असतो. जुनी गादी बसते तसा. जाडी एक-दोन टक्क्यांहून जास्त घटली की भाग मापात राहत नाही. पीएमआय हवेतला ओलावा शोषतो आणि ओला फोम जास्त बसतो. त्यामुळे मुंबईच्या जुलैत उघडा पडलेला फोमचा पत्रा भट्टीत नीट वाळवल्याशिवाय या कामाला घेणे म्हणजे माल फुकट घालवणे.

बंद पोकळ्यांतला वायूही तापतो. २७ अंशांवरून १७७ अंशांवर नेल्यास, आकारमान तेच राहिले तर त्याचा दाब दीडपट होतो. पडदे ताठ असतील तोवर तो आतच डांबून राहतो. मऊ पडले की फोम फुगतो. थर्माकोलचे दाणे वाफेवर फुलवतात तेव्हा यातला काही भाग मुद्दाम घडवलेला असतो.

दाबशक्तीच्या चाचणीत (आयएसओ ८४४ हे आंतरराष्ट्रीय मानक) तुकडा जास्तीत जास्त दहा टक्के चेपेपर्यंत दाबतात. तापमानावरची चाचणी गरम कक्षात होते, आणि घाईचा परीक्षक इथेच फसतो. फोम उष्णतारोधकही असल्याने कक्षाचा काटा २०० दाखवत असतानाही तुकड्याचा गाभा बराच वेळ थंड राहतो, आणि थंड गाभ्याचा फोम फार बलवान दिसतो.